बाळंतपणाची रजा आणि खेळाडू बाप



फलकावर विषय वाचून काहींना हसू आलेलं आम्ही येताना पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने आत्मा, कर्म, मोक्ष यांवर बोलावं, अशी लोकांची समजूत असते. आज आम्ही रजेवर बोलणार आहोत. तीही क्रिकेटपटूंच्या. हा विषय आम्ही शोधला नाही, तो आमच्या पडवीत चालत आला.

झालं असं. आपल्या या खाडीकडच्या भागात कबड्डीचे सामने लागले की काय होतं ते तुडीलकरांना सांगायला नको. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने चालतात. अशाच एका स्पर्धेत उपांत्य सामन्याच्या आधी एका संघाचा चांगला चढाईपटू मैदान सोडून निघून गेला. बायकोला महाडला दवाखान्यात नेलं होतं, पहिलंच बाळंतपण. संघ थोडक्यात हरला. तेव्हापासून त्या मुलाला बोलणी बसतात. ‘तू काय सुईण आहेस का रे, तुझं तिथे काय काम होतं?’ त्याचे दोघे मित्र आमच्याकडे आले आणि म्हणाले, ‘सर, कोहली गेला तर त्याची बातमी होते, हा गेला तर त्याची टिंगल का होते?’ मुलाचं नाव आम्ही घेणार नाही. पण ‘तुझं तिथे काय काम’ हा प्रश्न आम्ही घेतो. बोलणाऱ्याने तो टोमणा म्हणून टाकला असेल, पण प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे.

आधी कोहलीचं प्रकरण नीट आठवू. २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. विराट कोहली कर्णधार. जानेवारीत मूल होणार म्हणून पहिल्या कसोटीनंतर घरी जाऊ द्या अशी विनंती त्याने केली आणि दौरा सुरू होण्याआधी, नोव्हेंबरातच, बोर्डाने ती मंजूर केली. पहिली कसोटी अॅडलेडला. १९ डिसेंबरला आपला दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. छत्तीस! आणि कर्णधार विमानात बसला. त्या आठवड्यात काय काय बोललं गेलं ते आठवतं ना? जहाज बुडताना कप्तान पळाला, देश मोठा की बायको, वगैरे.

त्याच्या जागी उभा राहिला अजिंक्य रहाणे. आपला डोंबिवलीत वाढलेला मुलगा. मेलबर्नला त्याने ११२ केल्या, सामना आपण ८ गडी राखून जिंकला, आणि १९ जानेवारीला ब्रिस्बेनला मालिका २-१ अशी खिशात घातली. हे सगळ्यांना पाठ आहे. पण या अजिंक्यचं आणखी एक आहे, ते फार कुणी सांगत नाही. आदल्या वर्षी, ५ ऑक्टोबर २०१९ ला, त्याला मुलगी झाली. तेव्हा तो कुठे होता? विशाखापट्टणमला, दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीत. सामना संपवून मग तो मुलीला पाहायला गेला. म्हणजे मूल होताना जो मैदानावर राहिला, त्यानेच वर्षभराने घरी गेलेल्या कर्णधाराचा भार उचलला. आम्ही त्या दोघांपैकी कुणाला जास्त गुण देत नाही आहोत. दोघांच्या घरची परिस्थिती आपल्याला कुठे माहीत आहे?

आता गंमत बघा. मेलबर्न जिंकल्यावर कोहलीवरची टीका विरली. लोक म्हणाले, गेला तर गेला, काय अडलं? अहो, पण मेलबर्नला हरलो असतो तर? त्याचं जाणं चूक ठरलं असतं? निर्णय तोच, कारण तेच, जन्मणारं मूल तेच. मग निकालाने योग्य-अयोग्य कसं बदलेल? तत्त्वज्ञानात याला नैतिक दैव म्हणतात. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी १९७६ मध्ये यावर मोठी चर्चा घडवली. विल्यम्सचं उदाहरण आपल्या विषयाला इतकं जवळचं आहे की राहवत नाही. गोगँ नावाचा फ्रेंच चित्रकार बायको-मुलांना सोडून दूर ताहिती बेटावर गेला, चित्रं काढायला. चित्रं थोर निघाली म्हणून आपण त्याला माफ करतो. भिकार निघाली असती तर? विल्यम्सचं म्हणणं, त्याचं समर्थन त्याच्या यशावर टांगलेलं आहे. घर सोडून कामाला गेलेल्याला आपण यशावर तोलतो, आणि काम सोडून घरी आलेल्यालाही संघाच्या यशावर! आमच्या कबड्डीच्या मुलाचं तेच झालं. संघ जिंकला असता तर लोकांनी दवाखान्यात पेढे मागितले असते. (हशा)

पण मुळातला प्रश्न राहिला. तुझं तिथे काय काम?

त्यासाठी आम्ही तुम्हाला १९९९ च्या विश्वचषकात नेतो. १९ मे, लेस्टर, झिम्बाब्वेविरुद्ध सामना. सचिन तेंडुलकर खेळला नाही. त्याचे वडील, प्राध्यापक रमेश तेंडुलकर, गेले होते. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक, स्वतः कवी, आमच्यासारख्या मास्तर लोकांना आदराची व्यक्ती. सचिन मुंबईला आला, विधी केले, परत गेला आणि २३ तारखेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या. आपण सगळे त्या शतकावर बोलतो. आम्हाला आज त्याआधीच्या सामन्यावर बोलायचं आहे. झिम्बाब्वेविरुद्धचा तो सामना भारत तीन धावांनी हरला. फक्त तीन. सचिन असता तर? पण सचिनकडे बोट दाखवून ‘देश मोठा की बाप’ असं म्हटलेलं आम्ही तरी कधी ऐकलं नाही. ‘तुझं तिथे काय काम’ हेही नाही.

का नाही? उपयोगाच्या हिशेबाने पाहिलं तर गेलेल्या माणसाला आपण काय उपयोगी पडतो? काहीच नाही. खांदा द्यायला चार माणसं मिळतात. तरी मुलाने जायचं, हे आपल्याला इतकं उघड वाटतं की त्यासाठी कुणी युक्तिवाद मागत नाही. म्हणजे उपयोग हा कसोटीचा दगड नव्हताच कधी. काही प्रसंगी माणसाने तिथे असायचं असतं, एवढंच.

आणि उपयोगच मोजायचा तर जन्माच्या वेळी तो जास्तच आहे की! बाळंतिणीला सगळ्यात मोठा धोका अतिरक्तस्रावाचा, आणि पहिले चोवीस तास सगळ्यात जोखमीचे. रक्त आणायला धावणारा, गाडी करणारा, सही करणारा माणूस लागतो. महाडहून पुढे मोठ्या दवाखान्यात हलवायचं झालं तर काय धावपळ होते ते इथल्या घराघरात माहीत आहे. पुढे अंगावर पाजणं बसेपर्यंतच्या रात्री, ताप, टाके. वैद्यकशास्त्र प्रसूतीनंतरचे ४२ दिवस बाळंतपणातच मोजतं, त्या काळात आई दगावली तर तो मातामृत्यू धरतात. आपल्या आज्या ज्याला सव्वा महिना म्हणत, तो जवळजवळ हाच काळ. मरणाला गेलेल्याच्या हातून काही होण्यासारखं नसतं, जन्माला गेलेल्याच्या हातून पुष्कळ होण्यासारखं असतं. आणि आपण प्रश्न विचारतो तो दुसऱ्याला.

इथे कुणीतरी म्हणणार, सर, ही सगळी परदेशी फॅडं, आपल्याकडे बाप कधी बाळंतपणात नव्हता. अंशतः खरं आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, बाप बाराव्या दिवशी बारशाला हजर. आमच्या या पट्ट्यात तर बाप मुंबईला गिरणीत, नाहीतर बोटीवर, नाहीतर आखातात. शिमग्याला झालेलं मूल त्याने गणपतीत पाहायचं. पण ही पोटासाठीची लाचारी होती, तिला परंपरा कशाला म्हणायचं? परंपरा बघायची तर सोळा संस्कारांतला जातकर्म घ्या. तो बापाने करायचा. सोन्याने मध-तूप चाटवायचं, आणि तेही नाळ कापण्याआधी. (हल्ली डॉक्टर मध देऊ नका म्हणतात, ते ऐका.) नाळ कापण्याआधी करायचा विधी दौऱ्यावर असलेला बाप कसा करणार? म्हणजे शास्त्राने त्याला तिथे धरलेलाच आहे.

दुसरं, सोयर. मरणाचं सुतक तसं जन्माचं सोयर, दहा दिवस, आणि ते बापालाही लागतं. त्या दिवसांत त्याने देवपूजा करायची नाही, कुणाच्या कार्याला जायचं नाही. शास्त्रकारांच्या मनात विटाळाची कल्पना होती, ती आम्हाला मान्य नाही, हे स्पष्ट सांगतो. पण परिणाम काय होत होता? दहा दिवस देवाचंसुद्धा काम बापाला माफ. देव थांबतो आणि निवड समिती थांबत नाही, असं कसं चालेल?

आता आम्ही आमच्याकडे येतो, कारण इथवर दुसऱ्यांना बोललो. साल १९७९. आम्ही घाटावरच्या एका महाविद्यालयात नवे व्याख्याते. सौ. बाळंतपणाला माहेरी, पोलादपूरकडे डोंगरातल्या गावी. मे महिना, उत्तरपत्रिका तपासणं चालू. तार आली, मुलगी झाली. प्रमुखांनी पेढे मागवले, पाठ थोपटली आणि म्हणाले, गठ्ठा पूर्ण करूनच जा. आम्ही बसलो आणि पुढचा पेपर उचलला. बारशाला गेलो. मधल्या दिवसांत तिला ताप भरला होता, डोलीत घालून खाली रस्त्यावर आणावं लागलं, हे आम्हाला कळवलंच नव्हतं. कितीतरी वर्षांनी एकदा सहज विषय निघाला. आम्ही म्हणालो, रजा मिळालीच नसती. ती म्हणाली, ‘मिळाली नसती ते ठीक आहे. तुम्ही मागितली कुठे?’ आम्ही तर्कशास्त्र शिकवत होतो, पण त्याला उत्तर सापडलं नाही. अजून नाही.

मागणं हा शब्द लक्षात ठेवा, कारण खेळाडूंचं सगळं तिथेच अडतं. सुनील गावसकरांचा किस्सा घ्या. १९७६, न्यूझीलंड आणि तिथून वेस्ट इंडीज असा लांबलचक दौरा. २० फेब्रुवारीला मुलगा झाला, रोहन. गावसकर दौऱ्यावर. हा किस्सा ‘बोर्डाने गावसकरला बाळंतपणाची रजा नाकारली’ असा फिरतो. २०२० मध्ये कोहलीच्या निमित्ताने तो पुन्हा निघाला, तेव्हा गावसकरांनीच खुलासा केला. तशी रजा त्यांनी मागितलीच नव्हती. आपण दूर असताना मूल होणार, हे ठाऊक ठेवूनच ते निघाले होते. न्यूझीलंडच्या शेवटच्या कसोटीत चेहऱ्याला मार लागला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, मधे तीन आठवडे सामना नव्हता, म्हणून स्वखर्चाने घरी जाऊन येऊ का, एवढंच विचारलं होतं. तेही जमलं नाही. मुलगा पाहायला मिळाला तो दौरा संपल्यावर. दरम्यान एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला ४०३ चं लक्ष्य आपण गाठलं, त्यात त्यांच्या १०२ होत्या. त्या काळी रजा मागणं हे मनातच येत नव्हतं, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. २०१५ च्या विश्वचषकाच्या तोंडावर धोनीला मुलगी झाली, तोही ऑस्ट्रेलियात थांबला आणि राष्ट्रीय कर्तव्यावर आहे, बाकीचं थांबू शकतं, अशा अर्थाचं बोलला. ती त्याची निवड. आम्हाला तक्रार त्या निवडीबद्दल नाही, तीच निवड सगळ्यांवर आदर्श म्हणून लादण्याबद्दल आहे.

खरी बोचणारी गोष्ट दुसरी. ज्या दौऱ्यातून कोहली परतला, त्याच दौऱ्यात टी. नटराजन होता. सेलम जिल्ह्यातल्या खेड्यातला डावखुरा गोलंदाज. आयपीएल चालू असताना, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्याला मुलगी झाली. तो अमिरातीतून थेट ऑस्ट्रेलियाला गेला. कशाला? नेटमध्ये फलंदाजांना सराव द्यायला! संघात पक्की जागाही नव्हती. पुढे इतरांच्या दुखापती होत गेल्या आणि त्याला तिन्ही प्रकारांत संधी मिळाली, ब्रिस्बेनची कसोटीसुद्धा. मुलगी पाहिली ती जानेवारीच्या अखेरीस. गावसकरांनी त्या वेळी नेमका हा फरक लिहून दाखवला. त्यावर बरेच लोक चिडले. आम्हाला वाटतं, त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

बघा, ज्याच्या जाण्याने संघाचं सगळ्यात जास्त नुकसान, त्याला जाता आलं. ज्याच्या जाण्याने फारसं काही बिघडलं नसतं, त्याला जाता आलं नाही. हे उलटं का? कारण रजा नियमाने मिळत नव्हती, वजनाने मिळत होती. कोहली परत येणार तेव्हा त्याची जागा त्याचीच राहणार होती. नटराजन गेला असता तर रांगेतला पुढचा माणूस उभा होता. मागून मिळते ती सवलत. हक्क असेल तर नुसतं कळवायचं. सवलत मागायलाही ऐपत लागते, आणि ती पैशाची ऐपत नव्हे.

‘इतके कोटी घेतात, मग खेळायला नको?’ असंही विचारतात. कोटी घेणारे किती? रणजी खेळणाऱ्याला सामन्याच्या दिवसागणिक मानधन मिळतं. २०२१ नंतर अनुभवाप्रमाणे दिवसाला ४० ते ६० हजार, ऐकायला बरं वाटतं, पण हंगामात असे दिवस किती? त्यातले दोन सामने बाळंतपणात गेले तर पैसे गेले, आणि त्या दोन सामन्यांत दुसऱ्याने शतक ठोकलं तर जागाही गेली. रजेचा नियम हवा तो या माणसासाठी. कोहलीचं काय, त्याला नियम नसतानाही चालतंच.

शेजारच्या पाकिस्तानच्या बोर्डाने २०२१ मध्ये हे लिहून टाकलं. खेळाडू आईला बारा महिन्यांपर्यंत पगारी रजा, खेळाडू बापाला तीस दिवसांपर्यंत, जन्मापासून ५६ दिवसांच्या आत घ्यायची. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये २०११ पासून नियम आहे, जास्तीत जास्त तीन दिवस. एवढुसा नियम! तरी २०१४ मध्ये डॅनियल मर्फी नावाचा खेळाडू हंगामाचे पहिले दोन सामने चुकवून मुलाच्या जन्माला गेला, तर रेडिओवरच्या मंडळींनी त्याला झोडपलं. नंतर माफी मात्र रेडिओवाल्याला मागावी लागली. का? नियम मर्फीच्या बाजूला होता. लिहिलेल्या नियमाने लोकांची तोंडं बंद होत नाहीत, पण माणसाला मान खाली घालावी लागत नाही.

आपल्याकडे कायद्याचं काय? आईसाठी १९६१ मध्ये कायदा झाला, २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवडे झाली. बापासाठी केंद्र सरकारी नोकरांना पंधरा दिवस आहेत, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत प्राध्यापकांनाही पंधरा. आमच्या वेळी असते तर... असो. खासगी नोकरीत मालकाची मर्जी. म्हणजे महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणाऱ्या कामगाराला कायद्याने एक दिवसही नाही. २०१७ मध्ये हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, बापाला पंधरा दिवस, पुढे तीन महिन्यांपर्यंत वाढवता येतील, आणि असंघटित कामगारांनाही लागू. ते काही मंजूर झालं नाही. सातव आता नाहीत, पण मराठवाड्यातल्या एका माणसाला हे सुचलं होतं, याची नोंद असावी. कबड्डीतला गमतीचा भाग असा की रेल्वेत खेळाडू म्हणून भरती झालेल्या मुलाला कागदोपत्री तो रेल्वेचा नोकर असल्यामुळे पंधरा दिवस मिळतात. लिलावात बोली लागलेल्याला करारात लिहिलं असेल तेवढंच.

एक आक्षेप मात्र आम्ही हलक्याने घेणार नाही. आपल्याच तालुक्यात फौजी आंबवडे आहे. पिढ्यानपिढ्या सैन्यात गेलेलं गाव. तिथला माणूस म्हणेल, आमच्या घरात मुलं झाली तेव्हा बाप सीमेवर होते, आणि हे चेंडू मारणारे रजा मागतात? त्याच्यापुढे आम्ही हात जोडतो. पण त्यालाच विचारतो, जवानाला रजा असते की नाही? असते, आणि ती नियमाने लिहिलेली असते. लढाई पेटली की ती रद्द होते, कारण तिथे माणसं मरतात. मेलबर्नला कुणी मरत नव्हतं. खेळाला लढाई म्हणायची सवय आपल्याला वर्तमानपत्रांनी लावली, आणि मग आपण खेळाडूकडून जवानाचा त्याग मागायला लागलो.

रोहित शर्माच्या दुसऱ्या मुलाच्या वेळी आणखी एक शंका निघाली. मूल झालं १५ नोव्हेंबर २०२४ ला, पर्थची कसोटी २२ ला. लोक म्हणाले, अहो, झालं ना मूल, आता जायला काय हरकत? भल्याभल्यांनी हे म्हटलं. जसं काही मूल म्हणजे टपालाने येणारी वस्तू, सही करून घेतली की संपलं. सातव्या दिवशी घर कसं असतं ते ज्याने पाहिलंय तो असं विचारणार नाही. तो सामना बुमराच्या नेतृत्वाखाली आपण २९५ धावांनी जिंकला, पण मघाशीच ठरलं आहे, निकाल पुराव्यात धरायचा नाही. याच रोहितने २०१८ च्या डिसेंबरअखेर मुलगी झाली तेव्हा सिडनीची कसोटी सोडली होती. ऑस्ट्रेलियात आपण पहिल्यांदाच मालिका जिंकलो ती त्या सामन्याअंती, आणि तो तिथे नव्हता.

आमच्या कबड्डीकडे येतो आणि थांबतो. मैदानावर सात जण खेळतात, बाहेर राखीव बसलेले असतात. ते कशासाठी? घोटा मुरगळला, गुडघा गेला, तर. घोटा मुरगळून बसलेल्याला आजवर कुणी गद्दार म्हटलेलं नाही. मंडळाच्या वहीत वर्गणीचे, दंडाचे, गणवेशाचे नियम लिहिलेले आम्ही पाहिलेत. त्याच वहीत एक ओळ घाला, घरी बाळंतपण असेल तर खेळाडूने आधी कळवावं, राखीवाने तयारीत राहावं, आणि परतल्यावर त्याची जागा त्याला मिळावी. आधी कळवावं हेही महत्त्वाचं. त्या मुलाने ऐन सामन्याच्या तोंडावर सांगितलं, एवढी त्याची चूक आहे, आणि ती आम्ही त्याच्या मित्रांना सांगितली. मित्र म्हणाले, सर, आधी सांगितलं असतं तर संघातच घेतलं नसतं.

यावर काय म्हणायचं, ते कर्णधारांनीच सांगावं. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि आमचं सगळं त्यांना पटलेलं नाही, हे इथून दिसतंय. पहिला प्रश्न त्यांचा. ध्वनिक्षेपक तिकडे द्या.